मुलांच्या वहीतली कादंबरी : टाइमपास नव्हे, अभ्यासच!



जून ते एप्रिल या काळात आपण मुलांकडून किती लेखन करून घेतो, याचा कधी हिशोब मांडलाय का? शुद्धलेखन, प्रश्नोत्तरं, 'माझी आई', 'माझा आवडता सण', 'पावसाळ्यातील एक दिवस', मामाला पत्र, मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज. वह्याच्या वह्या भरतात. आता मनावर हात ठेवून सांगा, या वह्यांत असं एक तरी पान सापडतं का, की जे तपासताना आपल्याला वाटावं, "बरं, मग पुढं काय झालं?" चाळीस वह्यांमधली आई सारखीच पहाटे उठते आणि चाळीस वह्यांमधला पाऊस सारखाच रिमझिम पडतो.

आणि त्याच वर्गात, रफ वहीच्या मागच्या पानांवर, काहीतरी वेगळंच चाललेलं असतं. उडणारा घोडा, जमिनीखालचं गाव, बोलणारा कुत्रा, सात कुलपांची पेटी. मध्येच मोबाइलमधल्या गेममधला एखादा राक्षससुद्धा येतो. चित्रं असतात, नकाशा असतो, 'भाग ३' असं शीर्षकही असतं. ही वही आपल्या हाती लागली की घरी आणि शाळेत एकच वाक्य ऐकू येतं, "अभ्यास सोडून हे काय उद्योग चाललेत?"

आजचा माझा लेख त्या वहीच्या बाजूनं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. मूल जेव्हा स्वतःहून एखादी लांबलचक अद्भुत गोष्ट लिहायला घेतं, तेव्हा ते भाषेचा जेवढा अभ्यास करतं, तेवढा आपण नेमून दिलेल्या कोणत्याही निबंधात करत नाही. म्हणून त्या वहीला शाळेत हक्काची जागा मिळाली पाहिजे.

मुलांनी लिहिणं आपल्याकडं नवीन नाही

"लहान मुलं काय लिहिणार?" असं म्हणणाऱ्यांना मी आधी १८५५ सालात घेऊन जाते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे तेव्हा साधारण चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळेचं तोंड पाहिल्याला तिला तीनच वर्षं झाली होती. आज पावणेदोनशे वर्षांकडं वाटचाल होत आली तरी आपण तो निबंध वाचतो. का वाचतो? तर तो कुणी फळ्यावर लिहून दिलेला नव्हता. तिला सांगायचं होतं ते तिनं सांगितलं.

दुसरं नाव तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलेलं, त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १८९० साली धरणगावात जन्मलेल्या या मुलाला १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली. वय सतरा. म्हणजे आजच्या हिशोबानं अकरावी-बारावीचा विद्यार्थी.

आता कुणी म्हणेल, निबंध ठीक, कविता ठीक, पण हे राक्षस आणि जादूचं काय? ते इंग्रजी सिनेमातून आलेलं खूळ नाही का? तर नाही. मराठी कादंबरी चालायला लागली तीच मुळी अद्भुताचं बोट धरून. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची. त्या काळातल्या बहुतेक कादंबऱ्या अशाच, संकटं, सुटका आणि विलक्षण योगायोगांनी भरलेल्या. पुढं १९१३ साली नाथमाधवांची 'वीरधवल' आली आणि त्या काळातल्या वाचकांनी ती अक्षरशः डोक्यावर घेतली. नाथमाधव तेव्हा तिशीतले होते. शिकारीला गेलेले असताना सिंहगडावरून पडून त्यांचे पाय कायमचे अधू झाले होते. ज्या माणसाला स्वतःला उठून चालता येत नव्हतं, त्यानं महाराष्ट्रातल्या हजारो मुलांना घोड्यावर बसवून जंगलातून, किल्ल्यांतून फिरवून आणलं!

त्यानंतर मराठीत 'चांदोबा' आला, विक्रम आणि वेताळ आले. १९७१ पासून बालभारतीचं 'किशोर' आहे. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे आणला, तो पोरगा तर भूतबित नसतानाही साहस करून दाखवायचा. आणि अगदी अलीकडं, २०२४ सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीला मिळाला. नावातच भूतबंगला आहे बघा! देशातली मोठी साहित्यसंस्था भूतबंगल्याला मान देते आणि आपण मात्र पाचवीतल्या मुलाच्या वहीतलं भूत लाल पेनानं खोडतो.

पंधरा वर्षांचा मुलगा आणि एक निळं अंडं

मुलांच्या अद्भुत कादंबरीचा विषय निघाला की एक उदाहरण द्यावंच लागतं. अमेरिकेत मोंटाना राज्य आहे, डोंगरदऱ्यांचं आणि विरळ वस्तीचं. तिथल्या पॅराडाइज व्हॅली नावाच्या खोऱ्यात ख्रिस्तोफर पाओलिनी नावाचा मुलगा वाढला. जन्म १९८३ चा. तो शाळेत गेला नाही, आईवडिलांनी घरीच शिकवलं. त्याच्या आईचं मॉन्टेसरी पद्धतीचं प्रशिक्षण झालेलं होतं. पंधराव्या वर्षी टपालाद्वारे चालणाऱ्या अभ्यासक्रमातून त्याचं शालेय शिक्षण पूर्ण झालं आणि त्याच वयात त्यानं एक कादंबरी लिहायला घेतली. तिचं नाव 'एरागॉन'.

गोष्ट अशी की, एका शेतकऱ्याच्या घरात वाढणाऱ्या पोराला जंगलात एक गुळगुळीत निळा दगड सापडतो. तो विकून हिवाळ्यापुरतं मांस घ्यावं एवढाच त्याचा विचार असतो. पण तो दगड म्हणजे ड्रॅगनचं अंडं निघतं, आणि तिथून पोराचं आयुष्यच बदलून जातं.

आता ही गोष्ट पुढं किती गाजली, सिनेमा कधी आला, यापेक्षा आपल्यासारख्या शिक्षक-पालकांनी बघायचं ते हे की ती तयार कशी झाली.

एक. पहिला खर्डा लिहायला साधारण वर्ष गेलं. मग त्यानं तो वाचला, तर त्याचं त्यालाच समाधान झालं नाही. दुसरं वर्ष सगळं पुन्हा लिहिण्यात गेलं. त्यानंतर आईवडिलांबरोबर बसून तपासणी, काटछाट, दुरुस्त्या. म्हणजे एका पुस्तकासाठी काही वर्षं. आपण मुलाला निबंधासाठी किती वेळ देतो? पस्तीस मिनिटांची तासिका, त्यातली दहा मिनिटं हजेरी आणि वह्या वाटण्यात.

दोन. त्यानं आपल्या कल्पित प्रदेशाचा नकाशा स्वतः काढला. पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठही स्वतःच चितारलं. म्हणजे भूगोल आला, चित्रकला आली. आपण ज्याला 'विषयांचा समन्वय' म्हणून प्रशिक्षणात शिकतो, तो त्या मुलानं कुणी न सांगता केला.

तीन. २००२ साली घरच्यांनीच ते पुस्तक छापलं. मग तो मुलगा जुन्या काळातला पोशाख अंगावर चढवून शाळा-शाळांतून, वाचनालयांतून, पुस्तकांच्या दुकानांतून हिंडला. असे शंभराहून जास्त कार्यक्रम केले. समोरची मुलं ऐकतात की जांभया देतात, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

चार. पुस्तक मोठ्या प्रकाशकापर्यंत पोहोचलं ते एका मुलामुळं! कार्ल हायासन नावाचे लेखक कुटुंबासह मोंटानात सुट्टीसाठी गेले होते. त्यांच्या सावत्र मुलानं हे पुस्तक वाचलं, त्याला ते फार आवडलं. मग हायासन यांनी आपल्या प्रकाशकाला, म्हणजे नॉफ या संस्थेला कळवलं. २००३ साली नॉफनं पुस्तक नव्यानं काढलं, तेव्हा संपादकांनी त्यात आणखी काटछाट केली. मुलाच्या पुस्तकाची पारख मुलानं केली, आणि त्या मुलाचं म्हणणं घरातल्या मोठ्या माणसानं ऐकून घेतलं. मला या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

"अरे, हे तर कुठंतरी पाहिलंय!"

'एरागॉन'वर टीकाही पुष्कळ झाली. यातलं अमुक टॉल्किनसारखं आहे, तमुक 'स्टार वॉर्स' सिनेमासारखं आहे, असं समीक्षकांनी लिहिलं. ते खोटं नव्हतं. दगडासारखं अंडं सापडण्याची कल्पना ब्रूस कोव्हिल या लेखकाच्या एका बालपुस्तकावरून सुचली, हे पाओलिनीनं स्वतःही सांगितलंय.

वर्गातही हेच होतं. मुलानं गोष्ट लिहिली की आपण लगेच ओळखतो, हे कार्टूनमधलं, हा गेममधला, हा बाहुबलीचा धबधबा. आणि आपण म्हणतो, "कॉपी केली आहेस, स्वतःचं लिही."

पण विचार करा. मूल बोलायला शिकलं ते कशानं? ऐकलेलं परत म्हणूनच ना? भजनी मंडळातला पोरगा आधी बुवांसारखं गातो, मग त्याचा आवाज त्याला सापडतो. कुस्तीच्या आखाड्यात डाव आधी वस्तादाचा असतो, नंतर आपला होतो. लेखनाचंही तसंच. उसना राक्षस घेऊन मूल गोष्टीत शिरतं, पण तिसऱ्या-चौथ्या पानावर तो राक्षस आपल्या गावच्या चावडीवर येऊन बसतो, चहा मागतो, आणि तिथं गोष्ट त्या मुलाची होते. ती तिसऱ्या-चौथ्या पानावर पोहोचेपर्यंत आपल्याला थांबता आलं पाहिजे. पहिल्याच पानावर 'कॉपी' असा शिक्का मारला, तर चौथं पान कधी येतच नाही.

ड्रॅगन नको, उजनीचं पाणी आहे की!

आमचं मोडनिंब माढा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर महामार्गावरचं गाव. इथल्या मुलांनी ड्रॅगनच लिहावा असं माझं अजिबात म्हणणं नाही. उलट, अद्भुत कथेला लागणारा माल आपल्या भागात पोत्यानं पडलाय.

आमच्या वर्गात मी एकदा प्रश्न टाकला होता, मोडनिंब हे नाव कसं पडलं असेल? खरा इतिहास काय आहे तो अभ्यासक सांगतील. तुम्ही तुमची गोष्ट सांगा. एका मुलीनं सांगितलं, एक निंबाचं झाड वादळात मोडलं, पण त्याची सावली मात्र मोडली नाही, ती तशीच उभी राहिली. दुसऱ्यानं सांगितलं, तो निंब नव्हताच, झोपलेला राक्षस होता. वर्गात मग भांडण लागलं, की सावली मोडत का नाही! त्या भांडणात मुलांनी जी वाक्यं वापरली, 'जर असं असतं तर', 'तरीसुद्धा', 'म्हणून मग', ती व्याकरणाच्या तासाला दहा वेळा सांगूनही येत नाहीत.

उजनी धरण आपल्याच तालुक्यात. धरणात गावं बुडाली, माणसं उठून दुसरीकडं गेली. तिकडं इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की शिखर वर येतं, पाणी खूपच खाली गेलं तर सगळं मंदिर उघडं पडतं. पाण्यातून दरवर्षी वर येणारं मंदिर! आणि हिवाळ्यात त्याच पाणथळ जागेवर उतरणारे रोहित पक्षी, ज्यांना अग्निपंख असंही म्हणतात. याहून अद्भुत कुठला परदेशी लेखक काय सांगणार?

कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गावर पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावायची. ती इतकी हळू जायची की, आजोबा सांगतात, खाली उतरून बोरं तोडून परत डब्यात चढता यायचं. मुलाच्या गोष्टीत ती गाडी अजूनही रात्री धावते असं का असू नये? आणि नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल ज्यानं सहलीत पाहिलाय, त्याला वेगळा राजवाडा कल्पायची काय गरज?

एक वही, जी पुरी झाली नाही

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझ्या वर्गात ऊसतोड कामगारांची एक मुलगी आली. बीडकडची. आमच्या भागात कारखाने पुष्कळ, त्यामुळं हंगामात अशी मुलं येतात आणि हंगाम संपला की जातात. हजेरीत नाव चढवेपर्यंत जायची वेळ होते. ती पहिले पंधरा दिवस काही बोललीच नाही. मग शनिवारच्या गोष्टीच्या तासाला तिनं एक वाक्य लिहिलं. उसाच्या फडात एक दार आहे, पण फड तोडला की ते दार जातं.

तेवढंच वाक्य. मी विचारलं, "दाराच्या पलीकडं काय आहे?" म्हणाली, "आजून बघितलं न्हाई." म्हटलं, "मग बघून ये, आणि लिही."

नंतर ती लिहीतच गेली. गोष्टीतल्या मुलीला दार सापडायचं, आत जायच्या आधी कोयता पोहोचायचा, टोळी पुढच्या फडाकडं निघायची, मग तिथं पुन्हा दार शोधायचं. दारापलीकडं एक घर होतं जे बैलगाडीवर लादावं लागत नव्हतं. हे तिचेच शब्द. 'लई', 'व्हतं', 'गेल्ती', सगळं तिच्या बोलीत. मी शब्दाला हात लावला नाही. फक्त विचारत गेले, पुढं काय?

फेब्रुवारीच्या शेवटी तिची टोळी दुसऱ्या पट्ट्यात गेली. वही तिच्यासोबत गेली. अकरा पानं झाली होती. ती मुलगी दारातून आत गेली की नाही, हे मला आजही माहीत नाही.

त्या वर्षीच्या चाचणीत तिला लेखनात फार कमी गुण होते. शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या तर तसंच होणार होतं. पण वर्णनात्मक नोंद करताना मी लिहिलं, 'स्वतःच्या अनुभवातून कल्पना फुलवते, प्रसंगांची साखळी टिकवून दीर्घ गोष्ट लिहिते.' कारण ते खरं होतं. आपल्याकडं २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातला नोंदींचा रकाना आपण 'प्रगती समाधानकारक' लिहून भरून टाकतो. खरं तर तो रकाना अशा मुलांसाठीच आहे.

पण छापायची घाई नको

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि हे खास पालकांसाठी.

अलीकडं एक नवीन प्रकार सुरू झालाय. मुलानं दहा-बारा गोष्टी लिहिल्या की पालक पैसे भरून पुस्तक छापून घेतात. मग प्रमाणपत्र, पदक, 'सर्वांत लहान लेखक', मोठा फ्लेक्स, सत्कार. मुलानं लिहिलेलं कुणी वाचलंय का, हे विचारायला वेळ कुणाकडं नसतो. पुढच्या वर्षी त्याच मुलाला विचारा, नवीन काय लिहिलंस? उत्तर येत नाही. कारण लेखनाची गोडी लागण्याआधीच त्याला फेट्याची गोडी लागलेली असते.

तुम्ही म्हणाल, पाओलिनीच्या आईवडिलांनीही घरीच पुस्तक छापलं की! बरोबर. पण त्याआधी काही वर्षं पुन्हा पुन्हा लिहून झालं होतं. आणि नंतर शंभराहून जास्त ठिकाणी तो खऱ्या वाचकांसमोर उभा राहिला. फरक तिथं आहे.

याच नॉफ प्रकाशनानं १९२७ साली बार्बरा न्यूहॉल फॉलेट नावाच्या मुलीची कादंबरी काढली होती. ती तेव्हा अवघी बारा वर्षांची होती. घर सोडून निसर्गात राहायला जाणाऱ्या एका मुलीची ती अद्भुत गोष्ट. विशेष म्हणजे मूळ हस्तलिखित घराला लागलेल्या आगीत जळून गेलं होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिनं ते सगळं परत लिहून काढलं! केवढी जिद्द! पुस्तकाचं खूप कौतुक झालं. पुढं मात्र वडील घर सोडून गेले, पैशांची ओढाताण झाली, आणि १९३९ साली, पंचवीस वर्षांची असताना, ती घरातून बाहेर पडली ती परत कुणाला दिसलीच नाही. कौतुकामुळं असं झालं, असं मी म्हणत नाही. पण लहानपणीचं नाव मुलाला आयुष्यभर पुरत नसतं, एवढं तरी त्यातून कळतं. लेखक म्हणून मिरवण्याआधी मूल म्हणून नीट वाढणं महत्त्वाचं.

नेहमी येणाऱ्या तीन शंका

*"अशानं अंधश्रद्धा वाढेल."* हा प्रश्न महत्त्वाचा आहे, टाळू नये. पण गोष्टीतलं भूत आणि भानामतीची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे मूल स्वतः भूत तयार करतं, त्याला पक्कं माहीत असतं की हे आपण केलंय. त्याला विचारा, "तुझ्या गोष्टीत असं होतं, खऱ्यात होईल का?" ते हसून सांगतं, "नाही हो मॅडम, ती गोष्ट आहे." भीती ज्याला वाटते ते मूल वेगळं. त्याच्याशी बोलावं लागतं, गोष्ट बंद करून भागत नाही.

*"शुद्धलेखन बिघडेल."* उलट आहे. आपली गोष्ट मित्राला वाचता आली नाही की मूल स्वतः येऊन विचारतं, "मॅडम, 'दृष्ट' आणि 'दुष्ट' यात फरक काय?" ज्या शब्दाची गरज पडली तो शब्द विसरत नाही. गोष्ट पूर्ण झाल्यावर, मूल दुसऱ्यांदा लिहायला बसलं की तेव्हा चुका दाखवा. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन नको, एवढीच विनंती.

*"वेळ कुठून आणायचा?"* हा प्रश्न खरा आहे. ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, बैठका, पोषण आहाराच्या नोंदी, यातून आपला जीव मोकळा होत नाही. तरीही आठवड्यातले चाळीस मिनिटं निघतात. शनिवार आहे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आहे, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आहे. त्या दिवशी भाषणं पाठ करून घेण्याऐवजी मुलांच्या गोष्टी वाचून घ्या.

मी वर्गात काय करते

तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांना उपयोग होईल म्हणून थोडक्यात सांगते.

१. प्रत्येक मुलाला एक वेगळी वही. तिच्यावर विषयाचं नाव नाही, गुण नाहीत, 'तपासले' ही सही नाही. शंभर पानी परवडत नसेल तर जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून घ्या.

२. आधी नकाशा. गाव, ओढा, डोंगर, धोक्याची जागा, लपायची जागा. नकाशा तयार झाला की ज्याला 'काय लिहू?' हा प्रश्न पडतो, त्यालाही वाट सापडते.

३. तीन प्रश्न. तुझ्या नायकाला काय हवंय? ते मिळू नये असं कुणाला वाटतं? तो कशाला घाबरतो? एवढ्यावर गोष्ट चालते.

४. रोज पाच ओळी किंवा आठवड्याला एक पान. जास्त नाही. 'क्रमशः' लिहायला मुलांना फार आवडतं, लिहू द्या.

५. जोडीदार वाचक. प्रत्येक मूल दुसऱ्याची वही वाचतं आणि दोनच गोष्टी सांगतं. मला कुठं मजा आली, आणि मला कुठं कळलं नाही. 'छान आहे' म्हणायला बंदी.

६. ज्यांना लिहिणं अजून जमत नाही, त्यांनी सांगायचं आणि मोठ्या मुलानं लिहून घ्यायचं. अडखळणारं मूल गोष्टीत कधी कधी सगळ्यांच्या पुढं असतं.

७. वर्षाच्या शेवटी हाताने शिवलेली पुस्तकं वर्ग-वाचनालयात. त्यांना दाखल क्रमांक द्या, इतर पुस्तकांसारखाच. आपलं पुस्तक दुसरं मूल सही करून घरी नेतंय, यापेक्षा मोठा पुरस्कार मुलासाठी नाही.

पालकांनी काय करायचं? फार काही नाही. दिवसातली पंधरा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून मुलाची गोष्ट ऐकायची. मध्येच बोध काढायचा नाही. "यातून काय शिकलास?" हे तर विचारायचंच नाही. फक्त म्हणायचं, "मग?" आजीला हे बरोबर जमायचं. तिनं गोष्ट सांगितली की आपण 'हं' म्हणायचो. आता मूल सांगतंय, आणि 'हं' म्हणायची पाळी आपली आहे. जी मुलगी संध्याकाळी भांडी घासते, धाकट्याला सांभाळते, तिला ही पंधरा मिनिटं मुलापेक्षाही जास्त द्या, कारण तिच्या वहीला वेळ मिळत नाही.

शेवटी एवढंच

आपल्या तालुक्यातल्या परितेवाडीसारख्या लहान गावातल्या जिल्हा परिषद शाळेचं नाव रणजितसिंह डिसले गुरुजींमुळं २०२० साली जगभर गेलं. जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकांवरच्या क्यूआर कोडची कल्पना अशाच छोट्या वर्गात आकाराला आली. म्हणजे लहान गावातून मोठं काही निघत नाही, ही सबब माढा तालुक्यात तरी चालणार नाही.

तरी मी असं म्हणणार नाही की आपल्या वर्गातून उद्या मोठा कादंबरीकार निघेल. निघेल किंवा निघणार नाही. चाळीसातली एकोणचाळीस मुलं शेती करतील, दुकान चालवतील, नर्स होतील, ट्रक चालवतील. पण ज्या मुलानं एकदा तरी स्वतःची गोष्ट शेवटपर्यंत नेली, त्याला पुढं अर्ज लिहिताना, ग्रामसभेत उभं राहून बोलताना, डॉक्टरला दुखणं सांगताना शब्दांची भीती वाटत नाही. आपलं म्हणणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगता येतं, हे त्याला एकदा कळलेलं असतं. शिक्षणानं एवढं दिलं तरी पुष्कळ.

तेव्हा येत्या शनिवारी एक करा. वर्गात जाऊन विचारा, "कुणाकुणाच्या वहीत मागच्या पानांवर गोष्ट आहे?" आधी कुणी हात वर करणार नाही. थोडं थांबा. मग मागच्या बाकावरून एक हात हळूच वर येईल. त्याला पुढं बोलवा, खुर्चीवर बसवा, आणि तुम्ही मुलांमध्ये खाली बसून ऐका.